पैसे आलेत, फक्त मिळाले नाहीत

...नाही, कापा ना! फी कापायला माझी ना नाही. न्हावीसुद्धा पैसे घेतो. पण तो निदान समोरच्याच्या डोक्यावर काही आहे का ते बघून कात्री चालवतो की नाही? इथे माझं डोकं म्हणजे तुळतुळीत गोटा, आणि या लोकांनी त्याचीही बिनपाण्याने केली! आणि वर म्हणायचं काय, तर 'आपल्या सुरक्षिततेसाठी'! हसू नका हो शेवटच्या रांगेतले, तुमची पाळी यायचीय अजून.

तर तुम्हाला सांगतो, माझा धंदा केसांच्या टोपांचा. नाटकवाल्यांना लागतात ना, राजाचे, राणीचे, म्हाताऱ्याचे, ते. मी डोक्याचं माप घेतो, जाळी शिवतो, आणि आमची ही त्या जाळीत सुईने केस बसवते. एकेक केस, एकेक गाठ! तुम्ही कधी केसाला गाठ मारून बघितलीय? घरी जाऊन बघा. गाठ बसेपर्यंत माणसाचा स्वभाव बदलतो. आमच्या हिने जन्मभर तेच केलं आणि दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू घेऊन बसली. डॉक्टर म्हणाले, "ऑपरेशन करून घ्या, तोवर सुई बंद." ही म्हणते, "सुई बंद केली तर ऑपरेशनचे पैसे हे काय गाणं म्हणून मिळवणार? ह्यांचं गाणं ऐकलंय का तुम्ही?"

आणि नेमकी तेव्हाच परदेशातल्या एका नाटक कंपनीची ऑर्डर आली. अख्खा दरबार! हिने तो दरबार अर्ध्या नजरेने, बोटांनी चाचपत बांधला. विदूषकाचे केस राणीला गेले नाहीत हे आमचं नशीब. माल पोचला, तिकडची बाई खूश. म्हणाली, अर्धे पैसे आता पाठवते, अर्धे नाटक उघडल्यावर, ऑनलाइन घेता ना? म्हटलं घेतो. घेतो म्हणायला काय जातं? काय काय जातं ते मग कळलं!

ऑनलाइन पैसे पोचवणाऱ्या एका कंपनीत खातं उघडून दिलं आमच्या मेव्हण्याने. हा घरातला सर्वज्ञ. "भावोजी, पैसा आता उडत येतो, उडत!" आला ना, उडत आला. फोनवर आकडा दिसला. हिने फोन नाकाला चिकटवून वाचला, "अहो, आले!" म्हटलं आले! डॉक्टरांना फोन केला, तारीख घेतली. मग 'काढा' असं लिहिलं होतं तिथे बोट दाबलं, तर खाली ओळ... 'आपल्या सुरक्षिततेसाठी ही रक्कम रोखून ठेवण्यात आली आहे.' अहो, कोणापासून सुरक्षित? माझे पैसे माझ्यापासून? म्हणजे पैसे आलेत, फक्त मिळाले नाहीत!

का, तर म्हणे चेहरा जुळत नाही. आता ही आमच्या धंद्याची गोष्ट आहे, नीट ऐका. टोपवाल्याने टकलं फिरायचं नाही, हा आमच्या वडिलांचा नियम. दाताचा डॉक्टरच बोळका असला तर त्याच्यापुढे तोंड कोण उघडेल? म्हणून माझ्या डोक्यावर कायम दुकानातला माल. लोकांना वाटतं, वर जाहिरात आणि खाली स्वतःचे केस. खालचा माळ फक्त हिला ठाऊक. तर ओळखपत्रावरच्या फोटोत मी कुरळा. मेव्हण्याने खातं उघडताना फोटो काढला तेव्हा मानेपर्यंत सरळ केस आणि मधोमध भांग. आणि त्यांनी ताजा फोटो मागितला त्या दिवशी डोक्यावर पांढराशुभ्र न्यायाधीश! मेव्हणा फोन बघून पांढरा पडला. "भावोजी, त्यांना वाटतंय तुम्ही टोळी आहात." टोळी! एका टकलाची टोळी!

हेल्पलाइनला फोन लावला. बासरी वाजली. पुन्हा लावला, पुन्हा बासरी. शेवटी चिडून मी इंटरनेटवर त्या कंपनीच्या पानावर, सगळ्या जगाला दिसेल असं लिहिलं, की पैसे अडकलेत, बायकोचे डोळे अडकलेत, हा माझा नंबर, हिंमत असेल तर फोन करा. आणि आला हो फोन! लगेच आला! आवाज कसला, साय नुसती. "नमस्कार काका, सुरक्षा विभागातून बोलतोय. किती मनस्ताप झाला तुम्हाला... काकूंचे डोळे कसे आहेत?" सख्ख्या मेव्हण्याने विचारलं नव्हतं! "काही नाही काका, एक चौकोन पाठवतो, तो स्कॅन करा, तुमचा पिन टाका, की पैसे खात्यात जमा." मी चष्मा लावला, फोन स्पीकरवर टाकला, स्कॅन केलं, पिनचा पहिला आकडा दाबला... आणि आतून ही कडाडली, "अहो! गिऱ्हाईक पैसे द्यायला आलं, की आपण त्याच्या हातात गल्ल्याची किल्ली देतो का? घ्यायला कशाला हवाय पिन?"

बोट तिथेच थिजलं. अर्धी आंधळी बाई, पण तिला दिसलं, मला नाही दिसलं. मी फोनवर म्हटलं, बाबा रे, नको. तर तो म्हणतो, "राहू द्या काका. काकूंना जपा." आता या चोराचा हिशेब लावा! आपणहून फोन केला, नात्याने हाक मारली, विचारपूस केली, आणि एक छदाम नेला नाही. आणि ज्यांनी खराखुरा खिसा कापला ते? बासरी!

शेवटी खऱ्या कंपनीचा निरोप आला, कॅमेऱ्यासमोर या, डोक्यावर कोणतंही आवरण नको. आता दुकानाला दर्शनी काच. समोर इस्त्रीवाला, बाजूला शिंपी, दारात घरमालक भाडं मागायला उभा, फोन धरायला मेव्हणा. इतकी वर्षं झाकलेली मूठ! पण हिच्या डोळ्यांपुढे माझ्या डोक्याची काय किंमत? काढला टोप. मेव्हणा किंचाळला, "भावोजी!" इस्त्रीवाल्याची इस्त्री शर्टावर तशीच राहिली. पलीकडून कंपनीतली एक कोवळी मुलगी शांतपणे म्हणते, "सर, ओळखपत्रात तर केस आहेत." म्हटलं, बाई, ते केस नव्हेत, तो माल आहे. "माल?" तिने लिहून घेतलं. म्हटलं झालं, आता पोलीसच येतात!

मग नवीन ओळखपत्र, टकलासकट. डॉक्टरांची तारीख दोनदा पुढे गेली. ही रोज सकाळी विचारायची, "आले का?" मी म्हणायचो, आलेत गं, फक्त मिळाले नाहीत. आणि एके दिवशी सुटले बरं का पैसे! पण कसे? पैसे घेतल्याची फी. अहो, देणाऱ्याने दिली तर समजू शकतो, घेणाऱ्याने घेतल्याची फी? मग चलन बदलायची फी, भाव त्यांनीच ठरवायचा. मग त्यांच्याकडून बँकेत पाठवायची फी. बँक म्हणाली, आमच्याही दारातून आलेत ना, मग आमचंही थोडं. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे ऐकले होते, जिवंत माणसाला आधी टोप काढायला लावून खाणारे हेच पाहिले!

डॉक्टरांनी आकडेमोड केली आणि म्हणाले, "यात एक डोळा होईल." ही म्हणाली, "करा. ह्यांना बघायला एक पुरे."

झालं ऑपरेशन. पट्टी सुटली. हिने माझ्या उघड्या डोक्याकडे टक लावून पाहिलं. "अहो, इतकं? मला वाटायचं, निदान कानापाशी तरी असतील." मग म्हणाली, "नाटक उघडलं ना तिकडचं? दुसऱ्या डोळ्याचे आले का?"

मी फोन पुढे केला. आणि तुम्हाला सांगतो, हिने तो नाकाला लावला नाही. हातभर लांब धरला, ताठ बसून, आणि खणखणीत आवाजात वाचलं... "आपल्या सुरक्षिततेसाठी ही रक्कम रोखून ठेवण्यात आली आहे." फोन माझ्या मांडीवर ठेवला. म्हणाली, "आलेत हो. फक्त मिळाले नाहीत."

एक अक्षर चुकलं नाही तिचं. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन यशस्वी.