लक्ष्मक्कासाठी जाहिरात

(सुमनबाई, मिरची कांडप, धर्माबाद. त्यांनी सांगितलं तसं.)

यंदा संक्रांत झाल्यावर दुसऱ्या सोमवारी मी आमच्या कांडपाची जाहिरात लातूरच्या पोरीला दिली, नांदेडचे दोघं आले होते त्यांना न्हाई म्हणलं. माझा गणेश पुण्याहून फोनवर म्हणला, आई, नांदेडवाल्यांचं एवढं मोठं ऑफिस हाय, तू कशावरून ठरवलंस. आता कशावरून ते सांगायचं तर लई मागून सांगावं लागंल.

माझं माहेर कंधार. बापाचं बांगड्याचं दुकान, आम्ही तिघी बहिणी. लग्न होऊन धर्माबादला आले तेव्हा मला मिरचीचा ठसका सोसायचा न्हाई, आन इथं तर उन्हाळा लागला की बाजारात मिरचीच्या पोत्यांच्या थप्प्याच थप्प्या. सासू म्हणायची, कंधारची पोर हाय, रडू द्या चार दिवस. मग मालकांनी कांडपाचं मशीन टाकलं. लोखंडी मुसळं वर जातात, खाली पडतात, उखळात मिरची कुटली जाते, पिठाच्या गिरणीवानी दळल्या जात न्हाई, म्हणून तिखटाचा रंग राहतो. मालक जाऊन नऊ वर्षं झाली. मशीन मीच चालवते.

आमच्या धंद्याची एक रीत हाय, ती तुम्हाला सांगते. बाई आपली मिरची, धने, खोबरं, दगडफूल, सगळं घरून भाजून घेऊन येते आन कुटून होईस्तोवर मशीनपाशी बसते, उठत न्हाई. पण उखळ किती बी झाडलं तरी आधीच्या बाईचा मूठभर मसाला तळाला राहतोच. तो पुढच्या बाईच्या मसाल्यात जातो. म्हणून बाया बघतात, आपला नंबर कोणाच्या मागं हाय. ज्या बाईच्या हाताला चव हाय तिच्या मागं बसायला भांडणं होतात आमच्याकडं. आन एखादीच्या मागं कोणीच बसत न्हाई, मग जिचा नंबर येतो ती म्हणते, मावशी, हिच्यानंतर मीठ कुटा की आधी, उखळ साफ होईल.

लक्ष्मक्काच्या मागं मी बसायचे. ती धर्माबादच्या पल्याडच्या गावची, तेलुगू बोलणारी, माझ्याहून चार वर्षांनी मोठी. मशीन टाकलं त्या पहिल्या साली आली ती बावीस वर्षं येतच राहिली, होळीच्या आधी एक दिवस, सकाळच्या जीपनं यायची आन सांजच्यानं जायची. तिचा मसाला झाला की मी बाकीच्यांना थांबवायची, माझ्या घरचा टाकायची. बाया म्हणायच्या, मालकीणच रांगेत घुसते की ओ. घुसते म्हणायची मी, मशीन माझं हाय. तिला मराठी मोडकी, मला तेलुगू मोडकी. मालक गेले त्या साली ती आली, माझ्याजवळ बसली, दिवसभरात दहा शब्द बोलली असंल. मी बी तेवढेच. पण माझ्या घरच्या वरणाला बावीस वर्षं तिची मूठ होती, हे खरं हाय.

मागच्या दोन साली ती आली न्हाई. तुम्ही म्हणाल, गाव बारा-तेरा किलोमीटर, जाऊन यायचं. सगळेच म्हणतात. पण कांडपवाली गिऱ्हाइकाच्या दारात गेली की बाईला वाटतं, काम मागायला आली. आन दुसरं सांगू का, मला भ्या वाटायचं. ती तिकडंच कुठल्या दुसऱ्या मशीनपाशी बसत असंल तर? मी दारात उभी आन तिच्या डब्यात दुसऱ्याचं कुटलेलं तिखट. तिच्याकडं फोन न्हाई, पोराचा नंबर होता तो लागत न्हाई.

तर गणेश म्हणला, आता बाया दुकानातून तयार तिखटाची पाकिटं आणून राहिल्या, कांडप बसंल, तू जाहिरात कर, एजन्सी बघ. मला ती जाहिरात म्हणल्यावर लक्ष्मक्काच आठवली. जाहिरात काय, सगळ्यांसाठी असते. तिला वाटणार न्हाई मी तिला बोलावलं म्हणून.

नांदेडचे दोघं गाडीनं आले. मशीन चालू होतं. एक जण दारातच शिंकाया लागला तो थांबेच ना, दुसरा नाकाला रुमाल धरून बोलून राहिला. म्हणला, काकू, आधी ब्रँड करू, नाव ठेवू, पाकीट करू, ड्रोननं मिरचीच्या बाजाराचा शॉट घेऊ. मी म्हणलं, पाकीट माझ्याकडं न्हाई, बाया आपापला माल आणतात, आन ती मुठीची रीत सांगितली. तो म्हणला, ते तर बोलूच नका कुठं, हायजिनिक लिहू आपण. मग विचारलं, तुमची जाहिरात नेमकी कोणापर्यंत पोचली पाहिजे? मी म्हणलं, लक्ष्मक्कापर्यंत. ते दोघं एकमेकांकडं बघून हसले. एका बाईसाठी कोणी जाहिरात करतं का काकू, आम्ही दहा हजार लोकांपर्यंत नेतो. मी म्हणलं, दहा हजारांत ती असंल का? तो म्हणला, असंल बी.

पल्लवी लातूरहून एसटीनं आली. मूळची शिरूर अनंतपाळची, बापाचं किराणा दुकान, लातूरला दोघी मैत्रिणींनी मिळून हे जाहिरातीचं काम काढलंय. ठसका तिला बी लागला, डोळ्यांतून पाणी, पण ओढणी तोंडाला बांधून एका बाईची अख्खी पायली कुटून होईस्तोवर बसली. मला म्हणली, मावशी, ही बाई उठली न्हाई एकदा बी. मी म्हणलं, उठती तर दुसरी नंबर धरती. मग तिनं बी तोच सवाल केला, कोणापर्यंत. मी तेच सांगितलं. ती हसली न्हाई. तिनं विचारलं, त्यांच्याकडं फोन हाय का? न्हाई. घरात कोणाकडं? असंल, सुनेकडं. वाचता येतं का? न्हाई येत. मग लिहून काय उपयोग मावशी, ती म्हणली, तुम्ही बोला, आन मागं मशीनचा आवाज असू द्या. मी तिथंच ठरवलं. पैशाची बात नंतर झाली.

तिनं मला मशीनपाशी बसवून फोनवर व्हिडिओ घेतला. मराठीतून सांगितलं, कांडप चालू हाय, या. मग ती म्हणली, आता त्यांच्या भाषेत. मी म्हणलं, रा अक्का, कूर्चो. ये अक्का, बस. एवढंच येतं मला नीट. ती म्हणली, एवढंच ठेवू.

चूक झाली ती माझीच. पल्लवीनं विचारलं होतं, गिऱ्हाईक कुठवरून येतं. मी म्हणलं, सगळं आपल्याच भागातलं, लांबचं कोणी न्हाई. लक्ष्मक्काच्या गावाचं नाव सांगितलं, पुढचंच हाय म्हणलं. मला कधी वाटलंच न्हाई ते दुसरं राज्य हाय म्हणून. आमच्याकडं लग्नं तिकडं, बाजार इकडं, जीपवाला काय हद्द सांगतो का? पोरीनं जाहिरातीला नांदेड जिल्हा लावला, म्हणजे तेवढ्याच भागातल्या फोनांवर ती दिसणार. आन फोन यायला लागले किनवटहून, हदगावहून, मुखेडहून. एक बाई म्हणली, तुमचं ते कूर्चो लई गोड हाय, पण एवढ्या लांब कोण येईल मावशी. तीन आठवडे असेच गेले. होळी झाली. मी पल्लवीला फोन केला, म्हणलं, तिच्या गावात दिसून राहिलं का बघ. तिनं बघितलं. मग मला फोनवर नकाशा पाठवला. जाहिरात दिसते तिथला निळा रंग धर्माबादच्या थोडा पुढं जाऊन कापल्यावानी थांबलेला. लक्ष्मक्काचं गाव पांढऱ्यात.

मी म्हणलं, तिथं काय भिंत हाय का? ती म्हणली, मावशी, चुकलं, जिल्हा न्हाई, मशीनपासून गोल काढायला पाहिजे होता. तिनं त्याच दिवशी गोल काढला, दोन्हीकडं सारखा.

आठव्या दिवशी पल्याडच्या बाया आल्या. जुन्या दोघी, नव्या पाच-सहा. हसत आत आल्या, रा अक्का, कूर्चो, असं मलाच म्हणत. त्यांतली एक लक्ष्मक्काच्या गल्लीतली निघाली. मी लगेच विचारलं न्हाई. तिचा मसाला होऊ दिला, पिशवी बांधून दिली, मग विचारलं. ती म्हणली, लक्ष्मक्का का? ती तर दोन वर्षं झाली करीमनगरला गेली, थोरल्या पोराकडं. घराला कुलूप. मी म्हणलं, करीमनगरात कुठं? ती म्हणली, ते काय माहीत, कंपनीत हाय म्हणे पोरगा. नंबर? नंबर न्हाई. मग जाता जाता म्हणली, तिकडं ती पाकिटाचंच खात असंल हो.

ती दुसऱ्याकडं गेली न्हाई. एवढं कळलं. खरं सांगते, त्या दिवशी मला बरं वाटलं, आन त्या दिवशी मला जेवण गेलं न्हाई.

सीझन चांगला झाला. गोलातल्या बाया अजून येऊन राहिल्या, गणेश खूश हाय, म्हणतो पुढच्या साली दुसरं मशीन घेऊ. मी त्याला हो म्हणते. देव त्याला बरं ठेवो, तिला बी ठेवो, जिथं असंल तिथं. पल्लवीचा फोन आला, मावशी, आता जाहिरात बंद करायची का? मी म्हणलं, इथली कर. करीमनगरात लावता येते का बघ. ती म्हणली, मावशी, तिथून कांडपाला कोण येणार? मी म्हणलं, तू बघ तर. दुसऱ्या दिवशी तिनं मला नकाशा पाठवला, निळा गोल करीमनगरावर.

त्याला आता सोळा दिवस झाले. कालपर्यंत तिकडून तीन फोन आले, तिन्ही पुरुषांचे. दोघांनी भाव विचारला. एकानं विचारलं, धर्माबाद कुठं आलं.