धक्क्यावरचा भोंगा

मी, धक्क्यावर सगळे आक्का म्हणतात ती, वय एकेचाळीस, धंदा मासेविक्री, राहणार बर्फाच्या कारखान्यामागे, विचारल्यावरून समक्ष सांगते की,

समुद्रातल्या एका खडकावर शेजारचा देश आणि आपला देश, दोघेही हक्क सांगतात. खडकावर ना पाणी, ना झाड. तरी त्याच्यापायी सरकारचं संरक्षणाचं धोरण बदललं. गस्त वाढली, धक्क्यावर मनोरा उभा राहिला, त्यावर भोंगा बसला आणि टेहळणीच्या पाळ्या आम्हा मासळीवाल्या बायकांना दिल्या. परकी गस्तीची बोट दिसली की भोंगा एकदा वाजवायचा, असा हुकूम आहे.

त्याच खडकाजवळ जाळं टाकताना गेल्या हिवाळ्यात माझ्या यजमानांना परक्या गस्तीवाल्यांनी पकडून नेलं. सासूबाई रोज त्यांचं ताट मांडायच्या, मी रोज उचलायचे. याबाबत अधिक काही सांगायचे नाही.

पुढे दोन्ही सरकारांनी ठरवलं की खडकाचं भांडण खडकापाशी, मच्छीमारांना सोडून द्यायचं. कधी सोडणार, ते कोणी सांगेना.

आज दुपारी मी पाळीवर असताना परकी गस्तीची बोट सरळ धक्क्याकडे येताना दिसली. मागे दोराने ओढत आणलेली आमची होडी, आणि तिच्यात उभं राहून सदरा हलवणारं आमचं ध्यान! इंजिन बंद पडल्याने त्यांनी इथवर ओढून आणलं आणि वरिष्ठांनी तशी परवानगी दिली होती, हे मला मागाहून कळलं. मी भोंगा दाबला. मग माझं बोट बटणावरून काही निघेना.

लिलाव थांबला. चौकीचे साहेब अर्ध्या दाढीनिशी बंदूक घेऊन धावत आले. त्यांच्या उरलेल्या दाढीबद्दल मी दिलगीर आहे. परक्या शिपायांनी आधी हात वर केले, मग आमच्या बायका नाचताना बघून तेही हसायला लागले. सासूबाई त्यांतल्या एकाच्या गालावरून हात फिरवून म्हणाल्या, "जा रे बाबा घरी, तुझी आईपण वाट बघत असेल."

माझी पाळी जाऊ नये म्हणून हा जबाब लिहून घेणाऱ्या हवालदारभाऊंनी 'भोंगा चुकून वाजला' असं लिहिलं होतं. वाचून दाखवल्यावर मी ते खोडायला लावलं. पहिल्यांदा हुकमाने वाजवला, पुढचा सगळा आनंदाने. पाळी काढायची तर काढा. बाकी मजकूर मी सांगितला तसाच आहे. सही लवकर घ्या. ते बाहेर बाकावर बसलेत आणि घरी ताट मांडलंय.