वरच्याला सांगा

…नाही, मला सांगा, एवढ्याशा खुर्चीत मनःशांती मिळते का हो? पहिलीतल्या पोरांची खुर्ची ती! गुडघे कानाला लागलेत, कंबर म्हणतेय तू जा घरी, मी इथेच राहते, आणि समोर बाई म्हणतायत, "डोळे मिटाऽऽ… खांदे सैल सोडाऽऽ…" अहो, खांदे सोडले तर मी खाली पडेन! शनिवारची दुपार, शाळेचा हॉल, भिंतीवर कागदाचे मासे, आम्ही चौदा आईबाप गोल करून बसलेलो, आणि फळ्यावर लिहिलंय, 'पालकांसाठी : श्रद्धा आणि मनाचं आरोग्य'. बाईंचा आवाज इतका मऊ, की माझ्या शेजारचे गृहस्थ तिसऱ्या श्वासाला झोपलेच. "देव कुठला ते तुमचं तुम्ही ठरवा. पण रोज दहा मिनिटं त्याच्यापाशी बसा. थकलात, वरच्याला सांगा. राग आला, वरच्याला सांगा. मुलांवर काढू नका… वरच्याला सांगा."

आता मी तिथे कसा पोचलो ते ऐका. तुम्हाला सांगतो, मी हॉस्पिटलात चौकशीच्या खिडकीवर बसतो. वीस वर्षं झाली. लोक विचारतात, मी सांगतो. एक्स-रे कुठे? तळमजला, उजवीकडे. रिपोर्ट कधी? चार वाजता. पाणी कुठे? तुमच्या मागे. आणि हसून बरं का, गोड हसून. एक आजोबा तर दर आठवड्याला येऊन विचारतात, "चौकशीची खिडकी हीच का?" त्यांनाही हो म्हणतो. मग घरी येतो, चप्पल काढतोय, एकच पाय बाहेर आलाय, तोवर आमची सात वर्षांची लेक समोर हजर… "बाबा, मुंग्या झोपतात का? बाबा, आरशात डावं-उजवं उलटं होतं, मग डोकं खाली का नाही जात? बाबा, तू लहान होतास तेव्हा मला ओळखायचास का?" आता काय सांगणार? तळमजला, उजवीकडे?

एके दिवशी मी ओरडलो. साधासुधा नाही. "पुरे! आता एक जरी प्रश्न विचारलास ना, तर याद राख!" खालच्या मजल्यावरचं कुत्रं भुंकत होतं, ते गप्प झालं. आणि ही… रडली नाही हो. नुसती "बरं" म्हणाली. आणि त्या दिवसापासून तिने मला एक प्रश्न विचारला नाही. अकरा दिवस झाले, तरी नाही! पहिले दोन दिवस मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. तिसऱ्या दिवशी चप्पल मुद्दाम सावकाश काढली. नाही. चौथ्या दिवशी एक काढली, परत घातली, परत काढली. नाही. जेव म्हटलं की जेवते, झोप म्हटलं की झोपते, सगळ्याला "बरं". तुम्हाला सांगतो, मला भीती वाटायला लागली. बायको म्हणाली, "तिला काही झालेलं नाही, तुला झालंय. शनिवारी जा."

गेलो. आणि घरी सरावही सुरू केला. कपाट आणि इस्त्रीचं टेबल यांच्यामध्ये जेवढी जागा उरते तेवढ्यात बसायचो, डोळे मिटायचो आणि म्हणायचो, "वरच्या, तूच बघ आता." बायकोलाही ते आवडलं. शाईचा डाग पडला, वरच्याला सांग. मोजा सापडत नाही, वरच्याला सांग. घरात दुसरं वाक्यच नाही.

आता एक गोष्ट मध्येच सांगून ठेवतो. मी विसरलो तसं तुम्ही विसरू नका. 'वरचा' हा शब्द आमच्या घरात आधीपासून होता. आम्ही दुसऱ्या मजल्यावर, आणि आमच्या डोक्यावर तिसऱ्या मजल्याला एक म्हातारा राहतो, एकटा. त्याची खुर्ची फरशीवर घासते. खर्रर्र… "वरचा उठला." खर्रर्र… "वरचा बसला." चार वर्षांत जिन्यात दोनदा मान हलवली असेल, एवढीच काय ती ओळख.

तर एका संध्याकाळी जेवताना लेक म्हणाली, "मुंग्या झोपतात. पण थोडा थोडा वेळ."

मी म्हटलं, "कुणी सांगितलं?"

"वरच्याने."

माझा घास हातातच राहिला. म्हणजे बघा, मी आठवडाभर त्या कपाटाशेजारी पाय बधिर करून घेतोय, मला एक अक्षर नाही, आणि हिला थेट मुंग्यांची माहिती? मला हेवा वाटला, आणि त्याहून जास्त उत्सुकता. मी शनिवारी बाईंना सांगितलं. बाईंचे डोळे भरून आले. "मुलांचं मन निर्मळ असतं होऽऽ…" लगेच मला गोलाच्या मध्ये उभं केलं, सगळ्यांना सांगायला लावलं. ते झोपणारे गृहस्थ खडबडून जागे झाले आणि त्यांच्या मुलाचा गणिताचा पेपर माझ्या हातात देऊन म्हणाले, "जमलं तर दाखवा त्याला."

मग रोज नवीन. लेक सांगते, "वरचा म्हणाला, आरसा काही उलटं करत नाही, आपणच वळून उभे राहतो." मी रात्रभर नाही, पण बराच वेळ त्याचा विचार केला, खोल वाटलं मला ते. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "वरच्याचा गुडघा दुखतो." मी म्हटलं, असेल बाबा, एवढ्या लोकांचा भार… आणि तिसऱ्या दिवशी म्हणाली, "वरचा दात काढून पेल्यात ठेवतो."

बायकोने चमचा खाली ठेवला. मी तिच्याकडे बघितलं, तिने माझ्याकडे. आणि तेवढ्यात डोक्यावर… खर्रर्र.

"मला वाटलं ती जिन्यात खेळते," बायको म्हणाली.

मी उठलो आणि वर गेलो. दार उघडंच होतं. म्हातारा हातात स्क्रू-ड्रायव्हर घेऊन टेबल-फॅन उघडून बसलेला, आणि पेल्यात खरंच दात. मला बघून म्हणाला, "खालचे ना? या. उशीर केलात." जन्मभर लिफ्ट दुरुस्त करायचं काम केलेला माणूस, आणि आमच्या इमारतीला लिफ्ट नाही, गंमत बघा. मी म्हटलं, माफ करा, मुलीने त्रास दिला, तिचा गैरसमज झाला.

"कसला गैरसमज? आली, म्हणाली, घरात सगळे म्हणतात वरच्याला सांग. मी म्हटलं, मी वरचाच आहे, सांग."

"काय विचारलं तिने पहिल्यांदा?"

त्याने दात बसवले. नीट सांगायचं होतं त्याला. "म्हणाली, मी प्रश्न विचारले नाहीत तर बाबा किती दिवसांत बरे होतील?"

तुम्हाला सांगतो, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्यात लाज कसली?

"मी तिला म्हटलं," तो म्हणाला, "लिफ्टमध्ये माणूस अडकला की ओरडतो. सोडवायला गेलेल्या मलाच शिव्या देतो. आपण चिडायचं नाही. बाहेरून शांतपणे विचारायचं, कितव्या मजल्याला अडकलात? सांगता सांगता तो थंड होतो. मग म्हणायचं, मी आहे बाहेर. तुझे बाबा अडकले असतील, म्हटलं."

खाली आलो. लेकीसमोर बसलो. म्हटलं, माझं चुकलं, तुला हवं ते विचार. तर म्हणाली, "आता नाहीयेत. सगळे वर दिले." आणि हळूच, "तो ओरडत नाही ना."

आता हे बाईंना कसं सांगणार? शनिवारी त्या विचारतात, "वरच्याशी संवाद कसा चाललायऽऽ?" मी म्हटलं, मुलीचा उत्तम, माझा वशिला लागत नाही. गणिताच्या पेपरात मात्र म्हाताऱ्याने दोन चुका काढून दिल्या.

आणि मग तो गुरुवार. खिडकीवर एक माणूस माझ्यावर अर्धा तास ओरडला, कारण काय, तर डॉक्टर रजेवर! आणि मी हसतोय, गोड. घरी आलो तो नुसता उकळत. दाराशी आठवलं, पोरीवर काढायचं नाही, वरच्याला सांगा. चप्पलही काढली नाही, तसाच एक मजला वर चढलो. तर दार बंद, आणि दारासमोरच्या पायरीवर आमची लेक, हनुवटी हातात धरून. दारावर कागद चिकटवलेला : 'वरचा झोपला आहे. तोवर खालच्यांनी आपसांत बघून घ्यावं.'

बसलो तिच्या शेजारी. करतो काय! तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "बाबा, तू कितव्या मजल्याला अडकलास?"

प्रश्न! सदतीस दिवसांनी! आणि वीस वर्षं चौकशीच्या खिडकीवर बसणाऱ्या मला उत्तर येईना. शेवटी म्हटलं, "खिडकीपाशीच गं. घरी यायचं राहूनच गेलं."

"बरं," ती म्हणाली. "मी आहे बाहेर."

आणि मग जे सुरू झालं… बाबा, लिफ्टला उंचीची भीती वाटते का? कुलूप आपली किल्ली कशी ओळखतं? जांभई एकाची दुसऱ्याला कोण नेऊन देतं? अठरा पायऱ्या उतरायला आम्हाला पाऊण तास लागला. दर पायरीला बसायचं, विचारायचं, सांगायचं. मला इतकं बरं वाटत होतं, इतकं बरं वाटत होतं… अकराव्या पायरीपर्यंत. मग कपाळावरची शीर उडायला लागली, कान तापले, तोंड उघडणार एवढ्यात बाई आठवल्या. खांदे सैल सोडले. मोठा श्वास घेतला. आणि वर बघून मनात म्हटलं, वरच्या, तूच बघ रे आता.

वरून आवाज आला हो… तुम्हाला सांगतो, स्पष्ट आला.

घोरत होता.