घंटेतलं नाव

मी मूळचा शिरूरचा. वडील मिशनच्या बंगल्यात माळी, आन् पाणी म्हंजी घोडनदी, यवढंच पाणी मला ठावं. तरी मी नेव्हीत गेलो. काय सांगू तुम्हाला, दौंडच्या टेशनावर एकदा नेव्हीचा गडी बघितला, पांढरा ड्रेस, कापडाला सुरकुती न्हाई, बुटाला धूळ न्हाई, म्हटलं आपल्याला हेच पायजे. आत गेल्यावर कळलं, त्यो ड्रेस रजेवर मिरवायला असतो. मला घातला बायलरवर.

बोट जुनी, लढाईच्या तोफांची, इंग्रजांनी वापरून आपल्याला दिल्याली. सकाळी शिट्टी झाली की अनवाणी डेक घासायचा, तोफांच्या तोंडावरची पितळी झाकणं पुसून पुसून चमकवायची, मग खाली आपापल्या कामाला. वर तोफा, तळाला आम्ही. बायलरपुढं यवढं गरम की घामाचं बनियन अंगावरच वाळायचं. आन् गोडं पाणी मापात. समुद्राचंच पाणी उकळून गोडं करायचं, त्ये आधी बायलरला, उरलं तर माणसाला. आंघोळीला खारं. खाऱ्या पाण्यात साबणाला फेस येत न्हाई, मी आपला घासतोय घासतोय, आन् मदरासी पोरं पोट धरून हसत्यात.

झोपायला कॅनव्हासची झोळी, जेवायच्या टेबलावरच छताच्या हुकाला बांधायची. म्हटलं ह्यात काय शिकायचंय, आपल्याकडं लेकरांना बांधत्यात तशी मी मस्त खोल बांधली. सकाळी बाहीर निघता येईना. पाठ वाकडी, पाय वर, दोघांनी मिळून मला उपसून काढला. ती झोळी ताणून बांधायची असती, न्हाईतर मोठ्या माणसाचं गाठोडं व्हतं. तवापासनं मला बोटीवर बच्चाच म्हणायचे.

लग्न दौंडला झालं. सगुणा नाव तिचं, तिचे वडील रेल्वेत फिटर. बोलण्यात अशी चटपटीत, मी तोंड उघडंपतुर तिचं सांगून झाल्यालं असायचं. पहिलं बाळ झालं तवा आमची बोट परमुलखात. आमच्यात बाप्तिस्म्याला बाप पायजे, म्हणून तिनं नाव थांबवलं. सगळ्यांना म्हणायची, त्येंना येऊ द्या, तवर बाळच म्हणा. मी आलो तवा बाळ न्हवतं. तापात गेलं. कबरीवर नुसता दगड, नावच न्हाई तर लिहिणार काय. मी त्येचं तोंड बी बघितलं न्हाई हो.

सगुणा भांडली न्हाई. भांडली असती तर बरं झालं असतं. बोलणंच बंद केलं. ताट वाढायची, पाणी द्यायची, आन् भिंतीकडं बघायची. मुलगी झाली तवा यवढंच म्हणाली, हिचं नाव मी थांबवणार न्हाई, आन् ह्या बारीला बाप्तिस्म्याला तुम्ही न्हाई आला तर पुन्यांदा आमच्याकडं येऊच नका. ती बोलल्यावर तसं करती, मला ठावं व्हतं.

आन् नेमकी बोट मुंबईहून निघायच्या तयारीत, बायलरच्या माणसाला बोट सोडता येईना. मी डोकं धरून बसलो. तवा आमचा जुना मुकादम म्हणाला, अरे बच्चा, बोटीवर रीत हाय, खलाशाच्या लेकराचा बाप्तिस्मा बोटीच्या घंटेत करत्यात. पितळी घंटा उलटी करायची, त्यात पाणी भरायचं, आन् नंतर लेकराचं नाव घंटेच्या आतल्या अंगाला कोरायचं. मी सासऱ्यांना निरोप धाडला. ती येईल असं वाटलं न्हवतं.

आली. डोक्यावर पदर, कडंला लेक, मागं सासरे, बोटीची शिडी चढून आली आन् मला म्हणाली, आधी तुम्ही ऱ्हाता कुठं त्ये दाखवा. खाली नेलं. माझी झोळी बांधायला लावली, तिच्यात लेकीला ठिवलं, बोट जरा हालत व्हती तशी लेक झोपली. लेकीपाशी सासरे बसले, आम्ही बायलरकडं गेलो. एक बायलर पेटल्यालं. सगुणा घामानं निथळली, पर मागं सरली न्हाई. म्हणाली, बाळ गेलं तवा तुम्ही हितं व्हता? म्हटलं, हितंच. दिस हाय का रात, त्ये बी कळत न्हाई हितं. तिनं माझा हात घेतला, भाजल्याच्या खुणांवरनं बोटं फिरवली. किती दिसांनी तिनं मला हात लावला. मी रडलो. त्या आवाजात कुणाला ऐकू जातंय.

मग वर, बोटीवर बोलावल्याल्या पाद्रीसाहेबांनी घंटेतलं पाणी लेकीच्या कपाळाला लावलं, रूथ नाव ठिवलं. प्रार्थना झाली. तशी सगुणा म्हणाली, दुसरं नाव बी लिहा, शमुवेल. मी बी तवाच पहिल्यांदा ऐकलं, तिनं मनातच ठिवलं व्हतं. पाद्रीसाहेबांना सासऱ्यांनी पहिल्या बाळाचं हळूच सांगितलं. साहेब म्हणाले, बाई, गेलेल्या लेकराला बाप्तिस्मा देता येत न्हाई. ती म्हणाली, पाणी नका लावू साहेब, नाव लावा. साहेबांनी क्याप्टनकडं बघितलं. क्याप्टन पंजाबी, त्याला कुणीतरी हिंदीत समजावलं. त्यानं टोपी काढून काखंत धरली आन् म्हणाला, घंटा चर्चची न्हाई, माझ्या बोटीची हाय, दोन्ही कोरा.

पुढं माझी मुदत भरली. आता दौंडच्या लोको शेडला हाय, इंजनाची बायलरं बघतो. आमचं बरं चाललंय, सगुणा पहिल्यावानी बोलती, मला मधी बोलू देत न्हाई. बोट अजून चालतीय म्हणत्यात. मला कवाकवा लई वाईट वाटतं, मी निघून आलो आन् त्ये बाळ एकटंच ऱ्हायलं तिकडं घंटेत.

सगुणाला तसं वाटत न्हाई. परवा बाजारात राहू गावची एक माळीण तिला इचारत व्हती, लेकरं किती वो तुम्हाला? मी पिशवी धरून मागं उभा. सगुणा कोथिंबीर निवडता निवडता म्हणाली, दोन. धाकटी शाळंत जाती, थोरला नेव्हीत हाय. माळणीनं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, व्हय.