अण्णांचं अडलेलं वाक्य

माझ्या चहात साखर नको गं, का ते सांगते. सासूबाई गेल्या आणि आमच्या अण्णांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, आम्ही इकडे परदेशात, या किचनर शहरात आणलं. पण ते हसेचनात. तेव्हा मी देवापुढे बोलले, अण्णा हसेपर्यंत चहात साखर घालणार नाही.

एकदा लायब्ररीतून हॉलिवूडचा फार जुना, विनोदी सिनेमा आणला. तो ज्या नाटकावरून काढलेला, त्याचंच मराठी रूप अण्णांनी नागपूरला बँकेच्या स्पर्धेत केलं होतं. सासूबाई प्रॉम्प्टर.

सिनेमा लागला. हिरो इंग्रजीत बोलायच्या आधीच अण्णा मराठीत बोलून मोकळे. मी खूश. एका ठिकाणी मात्र ते अडले आणि टीव्हीशेजारच्या बेसमेंटच्या दाराकडे बघत राहिले.

मी घाईने पॉज केलं. हिरो उघड्या तोंडाने थांबला.

"आठवेल अण्णा, सावकाश."

"इथे मी दर प्रयोगाला अडायचो. ही विंगेतून वाक्य द्यायची."

मी कुठून देणार? मला ते नाटकच ठाऊक नव्हतं.

शेवटी अण्णाच पडद्यावरच्या हिरोकडे बोट करून म्हणाले, "चालू कर. त्या बिचाऱ्याला तरी त्याचं वाक्य येतंय." आणि हसले. मग चष्मा काढून डोळे पुसले.

"घे आता साखर, सूनबाई. तुझा नेम मला ठाऊक आहे."

म्हटलं, "अण्णा, डोळे पुसत हसलेलं देव धरत नाही. पुन्हा हसाल, तेव्हा घेईन."