क्रेन्स सेंदाईला परत चाललेत का?

समारंभाच्या अध्यक्षा सुचित्राताई, व्यासपीठावर जरा अवघडून बसलेले आमचे सत्कारमूर्ती रणजितराव, विभावहिनी, आणि रविवारची झोप मोडून हिगाशी-कसाईच्या या सभागृहात जमलेल्या मराठी बंधुभगिनींनो, सप्रेम नमस्कार.

रणजितराव 'क्रेन्स' या व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल संघाच्या ऑफिसात सामन्यांच्या व्हिडिओंचं विश्लेषण करतात. आपल्याला स्टँडमध्ये नेऊन बसवलं ते त्यांनीच. संघाचा इतिहास मात्र मी जमवला. कुणी न शिकवता, जपानी वर्तमानपत्रं शब्दकोश घेऊन वाचत. तेव्हा तपशिलात माझी चूक सहसा होत नाही.

हा संघ मुळात आपल्या या एदोगावा वॉर्डाचा नव्हेच. तो उत्तरेकडच्या सेंदाई शहरातल्या एका कारखान्यातल्या कामगारांनी काढला आणि १९९९ साली इथे आला. घोषणा जूनमधली. पण त्यांचे फिजिओ मार्चमध्येच बायकामुलांसह इथे राहायला आले होते. काय सांगून? सहा महिन्यांचं काम आहे.

आज रणजितराव सेंदाईला निघालेत. तेही सहा महिन्यांच्या कामासाठी. इथली रीत आपण जाणतो. थोड्या दिवसांची बदली असली की नवरा एकटा जातो, खोली घेतो, कोन्बिनीतले, म्हणजे कोपऱ्यावरच्या चोवीस तास उघड्या दुकानातले, तयार डबे खातो. मग विभावहिनींनी मुलाचं, अद्वयचं, नाव शाळेतून का काढलं? वॉशिंग मशीन का विकलं? ते आम्हीच घेतलं, म्हणून ठाऊक.

काल मी रणजितरावांना सरळच विचारलं, "संघ परत चाललाय का?"

"सुशीलदादा, तुम्हाला सगळीकडे डावच दिसतात."

"हो की नाही, एवढंच सांगा."

"चहा घ्या, गार होतोय."

'नाही' म्हणायला याहून कमी शब्द लागले असते, नाही का?

मी एवढा का खोदतोय? क्रेन्सच्या सरावाच्या मैदानावर शनिवारी आपल्या मुली फ्लॅग फुटबॉल खेळतात. त्यात पाडापाडी नसते, कमरेची पट्टी ओढायची असते. माझी नेत्रा घरी मला जपानीत उत्तरं देते. मैदानावर मात्र तिच्याच संघातल्या दीप्तीला "डावीकडून ये गं" असं मराठीत ओरडून सांगते, समोरच्या मुलींना कळू नये म्हणून. तेवढं एकच ठिकाण आहे जिथे तिला मराठीची गरज पडते.

ऑफिसची गुपितं तुम्ही सांभाळा, रणजितराव, नोकरी आहे. पण मैदान मुलींकडे राहील, असा शब्द ऑफिसातून मिळवूनच गाडीत बसा.

निरोपाच्या दिवशी शंका काढली, भाषण लांबलं, दोन्हीबद्दल मोठ्या मनाने क्षमा करावी. अध्यक्षांचे आणि आपल्या सर्वांचे मनापासून आभार. मी खुर्चीकडे जात नाही, इथेच उभा राहतो. रणजितराव, या. माईक चालू आहे.