कॉफी होईपर्यंत बस

सभेचे अध्यक्ष आणि आमच्या दरीतले सगळ्यांत वडीलधारे पोंग मासांगका, व्यासपीठावर बसलेले पाद्री साम्पे, खाणीतून समुद्र ओलांडून आणि वर हा डोंगर चढून आलेले विबोवो साहेब, माझी थोरली बहीण दोर्काताई, आणि उद्या माझ्या आईला, लाई बांनेला, निरोप द्यायला गावोगावहून जमलेल्या आप्तांनो, सोयऱ्यांनो, सगळ्यांना हात जोडून नमस्कार.

तुम्ही मला शाल घातलीत. मानपत्र वाचलंत. त्यात लिहिलंय, ‘येरेमियाने आईसाठी चोवीस रेडे उभे केले. एका रेड्यासाठी दोन वर्षं थांबला, पण कमी पडू दिलं नाही.’ टाळ्या पडल्या. मी मात्र दोर्काताईकडे बघत होतो. ती काही टाळी वाजवत नव्हती. का वाजवत नव्हती, ते मला आज सांगितलंच पाहिजे. अध्यक्षमहाराज, थोडा वेळ जास्त घेईन, सांभाळून घ्या.

विबोवो साहेब जावाहून आलेले, त्यांना आमच्या रीती ठाऊक नाहीत. काल घरी आले आणि म्हणाले, “आई कुठे आहेत?” ताई म्हणाली, “आत आहे, आजारी आहे.” साहेब कळवळून म्हणाले, “अहो, मग डॉक्टरांना दाखवलंत का?” हसू नका, त्यांचं काय चुकलं? साहेब, आमच्यात श्वास थांबला तरी पहिला रेडा कापला जाईपर्यंत माणूस मेलेला नसतो, आजारी असतो. औषधं टोचून टिकवलेला तो घरातच असतो. त्याला जेवण नेतात, कॉफी नेतात, त्याच्याशी बोलतात. तीन वर्षं आई तशी आत आहे.

त्याआधी मी तीस वर्षं खाणीत होतो. कशासाठी? याच रेड्यांसाठी. लहानपणी शेजारच्या म्हातारीला दोन रेड्यांत निरोप देताना लोकांची कुजबुज ऐकली होती. तेव्हाच ठरवलं, माझ्या आईच्या बाबतीत कुणी तोंड उघडता कामा नये. वर्षातून चार दिवस घरी यायचो. परत निघायच्या दिवशी आई पहाटेच चूल पेटवायची, कढईत कॉफी भाजायची, कुटायची. सगळं सावकाश. बसची वेळ झाली की म्हणायची, “येरे, कॉफी होईपर्यंत बस.” आणि मी पायात बूट घालत म्हणायचो, “पुढच्या वेळी, आई.” तीस वर्षं, मंडळी! तीस वेळा!

एकदाच बसलो. दरड कोसळली आणि रस्ता तीन दिवस बंद झाला. तीन सकाळी आम्ही धान्याच्या कोठाराखालच्या ओट्यावर बसून कॉफी प्यालो. आई खुशीत होती. कोंबड्यांना शिव्या देत होती, मला गावातली भांडणं सांगत होती. आणि मी? घड्याळ बघत होतो. शेवटी ती म्हणाली, “काय रे, बूड टेकत नाही तुझं?” म्हटलं, “आई, हजेरी बुडतेय. तुझ्यासाठीच मरतोय ना मी? लोक काय म्हणतील, लाई बांनेच्या मुलाने काय केलं?” तर हसली. म्हणाली, “लोक मटण खातील आणि घरी जातील रे. मला रेडे काय करायचेत? तू बस.”

हातचं सोडून पळत्याच्या मागे लागणं म्हणतात ते हेच. चौथ्या दिवशी रस्ता खुला झाला आणि मी गेलो. पुढच्या पावसाळ्यात तार आली.

मी कायमचा परत आलो. रीत म्हणून सकाळी आईला कॉफी न्यायची असते; ताई म्हणाली, “तू ने.” मला कॉफी करता येत नव्हती. पहिल्या दिवशी करपवली. कप तिच्या उशाशी ठेवला, आपला घेऊन बाजूला बसलो. काही काम नव्हतं, कुठली बस पकडायची नव्हती. खिडकीतून ऊन तिच्या पांघरुणावर आलं. कोंबड्या ओरडत होत्या. मी तिच्या वतीने त्यांना शिव्या दिल्या. मंडळी, खोटं नाही बोलत, उभ्या आयुष्यात एवढं सुख मला कधी लाभलं नव्हतं. आणि ते जिच्यामुळे, तिला सांगायची सोय नव्हती.

आता मानपत्रातली चूक सांगतो. चोवीसही रेडे पहिल्याच वर्षी जमले होते. ज्याच्यासाठी थांबलो म्हणून तुम्ही माझं कौतुक करताय तो निळ्या डोळ्यांचा, काळा-पांढरा रेडा दोन वर्षं पलीकडच्या दरीत मावसभावाकडे आरामात चरत होता. “एक रेडा कमी आहे, एक रेडा कमी आहे,” असं मी तुम्हा सगळ्यांना सांगत राहिलो. तुम्ही म्हणालात, काय हा मातृभक्त! अहो, कसला मातृभक्त? मला आणखी एक सकाळ हवी होती. मग आणखी एक.

महिन्यापूर्वी ताई बाजारच्या निमित्ताने पलीकडे गेली आणि तिने रेडा पाहिला. दुसऱ्या दिवशी मी कॉफी घेऊन निघालो, तर दारात आडवी उभी राहिली. “जिवंत होती तेव्हा तुला बसायला वेळ नव्हता,” ती म्हणाली. “आता तिची जायची वेळ झालीय, तर तू तिला उंबऱ्यात अडकवून ठेवलंयस. जाऊ दे रे तिला.” ताई, चारचौघांत तुझी माफी मागतो. आईची मागायला उद्याची सकाळ तेवढी उरली आहे.

म्हणून ही शाल मी घेऊन जाऊ शकत नाही. अध्यक्षमहाराज, ती तुमच्या पायाशी ठेवतो. राग मानू नका.

आपण सगळे आलात, मंडप घातलात, तांदूळ आणलेत, हे उपकार विसरणार नाही. सत्काराच्या सभेत रडगाणं गायलो, बोलण्यात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर अडाणी खाणकामगार समजून पदरात घ्या.

जाता जाता एकच विनंती. उद्या सकाळी सहाला बायका उखळावर मुसळांचा ठेका धरतील, आणि मग पहिला रेडा आणतील. तेवढं अर्धा तास उशिरा करा. आईची कॉफी व्हायची असेल. आणि उद्या मी बसणार आहे.